पगार, भाडं आणि स्वतःचं दार: गर्दीच्या शहरात समाधान कशावर ठरतं?

मोरोक्कोतल्या टँजिअर शहरात २००७च्या सुमारास काही कुटुंबांना घरात नळ घेण्यासाठी बिनव्याजी कर्ज देऊ करण्यात आलं. ही कुटुंबं पाण्यावाचून अडलेली नव्हती. जवळपास सार्वजनिक नळ होता, पाणी फुकट होतं आणि स्वच्छही होतं. फक्त ते भरून आणावं लागे. कर्जाची सोय आणि कागदपत्रांसाठी मदत मिळालेल्यांपैकी ६९ टक्के कुटुंबांनी नळ घेतला. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी हिशोब मांडला तेव्हा चित्र जरा चमत्कारिक दिसलं. पाण्यावरचा महिन्याचा खर्च दुपटीहून वाढला होता. कमाई वाढली नव्हती. पाण्यातून होणारे आजारही कमी झाले नव्हते, कारण आधीचं पाणी वाईट नव्हतंच. आणि तरीही ही माणसं, कर्जाची सोय न मिळालेल्यांच्या तुलनेत, आयुष्याबद्दल जास्त समाधानी होती. वाचलेला वेळ त्यांनी जादा कमाईत घातला नाही. आराम केला, लोकांकडे गेले-आले. पाण्यावरून शेजाऱ्यांशी आणि घरातल्या घरात होणारी भांडणं कमी झाली.

हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. शहरातलं घर, पैसा आणि सुख यांचं नातं समजून घ्यायला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. ‘पैसा वाढला की सुख वाढतं’ आणि ‘घर मोठं झालं की सुख वाढतं’ ही दोन्ही वाक्यं खोटी नाहीत, पण अर्धवट आहेत. गर्दीच्या शहरात माणूस भाड्याच्या किंवा हप्त्याच्या रूपात जे विकत घेतो, ते निव्वळ चौरस फूट नसतात. आपल्या वेळेवर, आपल्या झोपेवर आणि आपल्या दारातून कोण कधी आत येणार यावर थोडाफार ताबा तो विकत घेत असतो. उत्पन्न आणि घर ही तो ताबा मिळवायची साधनं आहेत. साधन हातात असूनही ताबा मिळत नाही, असं बऱ्याचदा होतं, आणि मग पगार वाढूनही माणूस कावलेलाच राहतो.

आधी मोजमापाबद्दल थोडं

सुख मोजायच्या दोन ढोबळ पद्धती आहेत आणि त्यांची गल्लत केली की सगळी चर्चा भरकटते. पहिल्या पद्धतीत माणसाला एक शिडी डोळ्यांपुढे आणायला सांगतात: तळाशी शून्य म्हणजे तुमच्या दृष्टीने वाईटात वाईट आयुष्य, टोकाला दहा म्हणजे उत्तमात उत्तम, तर तुम्ही सध्या कुठल्या पायरीवर आहात? देशोदेशींच्या सुखाच्या ज्या क्रमवाऱ्या दरवर्षी बातम्यांत येतात, त्या या शिडीवरून काढलेल्या असतात. दुसऱ्या पद्धतीत विचारतात, की काल दिवसभर किंवा आत्ता या क्षणी तुम्हाला कसं वाटतंय: आनंद, चिंता, चिडचिड, थकवा.

शिडीचं उत्तर देताना माणूस स्वतःकडे जरा लांबून बघतो. नोकरी, घर, मुलांची शिक्षणं, इतरांच्या तुलनेत आपण कुठे, हे सगळं त्यात येतं. दुसऱ्या उत्तरात काल रात्री झोप लागली का, संडासच्या रांगेत किती उभं राहावं लागलं, हे येतं. उत्पन्नाचा प्रभाव पहिल्यावर जास्त ठळक दिसतो. घराच्या अवस्थेचा प्रभाव दोन्हींवर पडतो, पण त्याचं रोजचं ओझं दुसऱ्या प्रश्नातच नीट पकडता येतं.

पगार किती, यापेक्षा उरतं किती

उत्पन्न आणि सुख यांच्यातला सगळ्यात भरवशाचा नियम असा: सुखाला टक्केवारी कळते, रक्कम कळत नाही. दहाचे वीस झाले की समाधानात साधारण जेवढी वाढ दिसते, तेवढीच शंभराचे दोनशे झाल्यावर दिसते. म्हणजे तळाच्या माणसाला दहाने जे मिळतं, ते वरच्या माणसाला मिळायला शंभर लागतात.

ही वाढ कुठेतरी थांबते का, यावर बराच वाद झाला. २०१० साली डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन या दोघा नोबेल विजेत्यांनी अमेरिकेतल्या साडेचार लाखांहून जास्त उत्तरांवरून सांगितलं, की शिडीवरचं समाधान उत्पन्नाबरोबर वाढत राहतं, पण रोजची मनःस्थिती वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलरच्या पुढे फारशी सुधारत नाही. हा आकडा मग जगभर फिरला, अनेकदा मूळ संदर्भ सोडून. २०२१मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी फोनवरून दिवसातून अनेकदा प्रश्न विचारून जमवलेल्या माहितीत अशी सपाट रेषा कुठे सापडलीच नाही. पुढे कानेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी भांडत बसण्याऐवजी बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ म्हणून घेऊन एकत्र काम केलं. २०२३मध्ये निघालेला निष्कर्ष असा: बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढत राहतं, जे मुळातच सर्वांत दुःखी आहेत, अशा साधारण १५ ते २० टक्के लोकांचं मात्र एका पातळीनंतर पैशाने फारसं भलं होत नाही. वियोग, नैराश्य, तुटलेली नाती या गोष्टी पगारवाढीला दाद देत नाहीत.

आता यात शहर आणू. वरचे सगळे आकडे एकूण उत्पन्नाचे आहेत. गर्दीच्या शहरात एकूण उत्पन्न हा फसवा आकडा आहे, कारण त्यातला मोठा वाटा घर आधीच गिळतं, आणि तो कमी करणं माणसाच्या हातात नसतं. जेवण थोडं साधं करता येतं, कपडे एक वर्ष जास्त घालता येतात, पण खोलीचा एक कोपरा घरमालकाला परत करून तेवढं भाडं कमी करता येत नाही.

उत्पन्नाच्या तीस टक्क्यांच्या आत घरखर्च असावा, असा एक नियम सगळीकडे सांगितला जातो. तो लक्षात ठेवायला सोपा आहे, एवढाच त्याचा गुण. शंभर कमावणाऱ्याने तीस दिले की हातात सत्तर उरतात. पाचशे कमावणाऱ्याने तीस टक्के, म्हणजे दीडशे दिले, तरी साडेतीनशे उरतात. टक्का एकच, पण पहिल्याच्या घरात एक आजारपण आलं की कर्ज आणि दुसऱ्याच्या घरात तेच आजारपण म्हणजे फक्त एक वाईट महिना. ऑस्ट्रेलियातल्या कुटुंबांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या २०११च्या एका अभ्यासात हेच दिसलं: घरखर्च परवडण्यापलीकडे गेला की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांचं मानसिक आरोग्य ढासळतं, जास्त उत्पन्नवाल्यांवर तसा परिणाम दिसत नाही. म्हणून शहरातल्या माणसाची आर्थिक स्थिती समजून घ्यायची तर पगार विचारू नये. भाडं किंवा हप्ता गेल्यावर काय उरतं ते विचारावं, आणि जमल्यास हेही विचारावं, की पुढच्या वर्षी भाडं किती वाढणार हे त्याला आज माहीत आहे का.

गर्दी रस्त्यावरची आणि गर्दी खोलीतली

१९६०च्या दशकात जॉन कॅल्हून या अमेरिकी शास्त्रज्ञाने उंदीर-घुशींवर प्रयोग केले. खायला-प्यायला भरपूर, जागा मर्यादित, संख्या वाढू द्यायची. १९६८मध्ये आठ उंदरांपासून सुरू केलेली त्याची एक वसाहत सुमारे २,२०० वर पोचली, मग पिल्लांची आबाळ, मारामाऱ्या, एकलकोंडेपणा असं होत होत नामशेष झाली. झालं, शहरांचं भविष्य लोकांना दिसलं! पण माणसं उंदीर नाहीत. ती वेळा वाटून घेतात, पडदे लावतात, बाहेर फिरायला जातात, एकमेकांशी बोलून तोडगा काढतात. दर चौरस किलोमीटरला किती माणसं राहतात या आकड्यावरून तिथली माणसं सुखी की दुःखी, हे सांगताच येत नाही. दाट वस्तीत कामधंदा, दवाखाना, मित्रमंडळी सगळं हाताशी असतं. गरीब देशांत तर सरासरीने शहरातले लोक खेड्यातल्यांपेक्षा जास्त समाधानी निघतात. श्रीमंत देशांत हा फरक मिटतो किंवा उलटा होतो.

त्रास देते ती खोलीच्या आतली गर्दी, आणि तीसुद्धा सरसकट नाही. १९७१ साली रॉबर्ट मिचेल या समाजशास्त्रज्ञाने हाँगकाँगच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळी तिथल्या घरांइतकी दाटी जगात फार कमी ठिकाणी असेल. त्याला आढळलं, की निव्वळ माणशी कमी जागा असण्याने मनावर खोल ताण दिसत नाही. ताण वाढतो तो दोन परिस्थितींत: एकाच घरात नात्यात नसलेली कुटुंबं राहत असतील तर, आणि घर वरच्या मजल्यावर असेल तर. खालच्या मजल्यावरचा माणूस घरात कोंदटल्यासारखं झालं की चटकन बाहेर पडतो, मुलं खाली खेळतात. वरच्या मजल्यावरून हे तितकं सहज होत नाही. आणि परक्या कुटुंबाशी ‘जरा आवाज कमी करा’ हे बोलणं रोज नव्याने अवघड असतं.

म्हणजे गर्दीचा त्रास माणसांच्या संख्येपेक्षा, त्यांचा सहवास नाकारता येत नाही, याचा जास्त असतो. याचा सगळ्यात सुरेख पुरावा १९७०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहांतून आला. अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी दोन प्रकारची वसतिगृहं तुलनेला घेतली. एकात लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या आणि तीसेक मुलांना मिळून एक न्हाणीघर व एक बैठकीची खोली. दुसऱ्यात चार-सहा मुलांचा एक गट, त्यांची स्वतःची बैठक आणि न्हाणीघर. माणशी जागा जवळपास सारखीच. तरी बोळवाल्या मुलांना जागा फार गर्दीची वाटायची. ती एकमेकांना टाळायची, इतकी की प्रयोगशाळेत अनोळखी माणसाबरोबर थांबायला सांगितलं तर तिथेही लांब बसायची. दात घासायला निघालं तरी बोळात कोण भेटेल याचा नेम नाही, आणि भेटला की बोलणं आलंच. असं वर्षभर चाललं की माणूस मान खाली घालून चालायला शिकतो.

घरांच्या बाबतीत याचंच दुसरं रूप म्हणजे घराची खोली, म्हणजे लांबी-रुंदीची नव्हे, तर आतपर्यंत पोचायला किती टप्पे पार करावे लागतात ती. गॅरी एव्हान्स या पर्यावरण-मानसशास्त्रज्ञाने दाखवलं, की तेवढ्याच दाटीच्या दोन घरांपैकी ज्या घरात एका जागेतून दुसऱ्या जागेत जायला मध्ये एखादी आडभिंत, वळण, खोली लागते, तिथे दाटीचा त्रास कमी होतो. एका मोठ्या मोकळ्या हॉलपेक्षा तेवढ्याच जागेतल्या दोन बारक्या खोल्या माणसांना परवडतात. आर्किटेक्टना मोकळेपणाचं वेड असतं, पण पाच जणांच्या कुटुंबाला भिंतीची किंमत जास्त कळते.

एव्हान्स आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९८९मध्ये भारतातल्या शहरी कुटुंबप्रमुखांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली गोम अशी, की दाट घरात राहणाऱ्यांना मानसिक त्रास जास्त होता आणि तो मुख्यतः आधार तुटल्यामुळे होता. माणसं जितकी जास्त, तितका आधार जास्त, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सतत समोर असलेल्या माणसांपासून बचाव म्हणून माणूस गप्प राहतो, दुर्लक्ष करायला शिकतो आणि मग गरजेच्या वेळीही तो हात पुढे करत नाही, दुसराही करत नाही. हे एका दिवसात होत नाही. अमेरिकेत भाड्याच्या दाट घरांत एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दोन महिन्यांत सोबत्यांच्या आधाराचा फायदा होत होता. आठ महिन्यांनी तो आधारच विरून गेला होता.

१९९८मध्ये याच गटाने भारतातल्या शहरी कामगार कुटुंबांतल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांकडे बघितलं. दाट घरातल्या मुलांची शाळेतली वागणूक आणि अभ्यास दोन्ही कमी पडत होते, आईवडिलांशी खटके जास्त उडत होते. मुलग्यांमध्ये रक्तदाब जास्त आढळला. मुलींमध्ये वेगळंच दिसलं: अवघड कोडं पुढे आलं की त्या लवकर सोडून देत होत्या. आपण काही केलं तरी फरक पडत नाही, हा धडा घरातून मिळालेला असला की तो कोड्यापर्यंत पोचतो.

‘आपल्या लोकांना गर्दीची सवय असते’ हे वाक्य इथे हमखास येतं. या युक्तिवादाचा मला राग येतो, कारण तो नेहमी ऐसपैस घरात राहणारा माणूस करतो. शिवाय तो तपासला गेलेला आहे. २०००मध्ये अमेरिकेतल्या चार वेगवेगळ्या समाजगटांची तुलना झाली. मेक्सिकन आणि व्हिएतनामी वंशाच्या कुटुंबांना तेवढीच दाटी कमी जाणवत होती, हे खरं. पण मनावरचा परिणाम चारही गटांत सारखाच होता. म्हणजे तक्रार करण्याची सवय वेगळी असते. सोसण्याची ताकद वेगळी नसते.

दाटी कधी म्हणायची, याचे अधिकृत उंबरठेही वेगवेगळे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येत एका खोलीत तिघांहून जास्त माणसं म्हणजे दाटी. युरोपीय संघाची व्याख्या बरीच कडक: घराला एक बैठकीची खोली, प्रत्येक जोडप्याला एक, प्रत्येक एकट्या प्रौढाला एक, आणि मुलांना वय व लिंगानुसार दोघांत एक किंवा एकेकाला एक. यातली दुसरी व्याख्या मला जास्त शहाणी वाटते, कारण ती डोकी न मोजता कोणाला कोणापासून आडोसा हवा ते मोजते.

रात्र

वाईट घराचा सगळ्यात मोठा हप्ता रात्री वसूल होतो. चेन्नईत अल्प उत्पन्न गटातल्या प्रौढांवर केलेला एक प्रयोग २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. मनगटावर यंत्र बांधून झोप मोजली. लोक अंथरुणात आठ तास असायचे, प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांची. बाकीचा वेळ उकाडा, डास, आवाज, उजेड आणि शेजारी झोपलेल्यांच्या हालचालींत जायचा. संशोधकांनी त्यांना डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानात घालायचे बोळे, पंखे, गाद्या दिल्या, झोपेबद्दल सल्ला दिला. रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली. परिणाम? काम, कमाई, मनःस्थिती, कशातही दखल घेण्याजोगा फरक नाही. पण ज्यांना कामाच्या ठिकाणी शांत जागेत दुपारी अर्धा तास झोपू दिलं, त्यांचं काम सुधारलं आणि त्यांना बरंही वाटू लागलं. तुटक झोपेत अजून थोडी तुटक झोप घालून भागत नाही. सलग आणि शांत झोप लागते, आणि ती त्यांच्या घरात मिळत नव्हती.

आवाजाबद्दल एक जुनं, पण अजून चपखल उदाहरण आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये महामार्गाच्या अगदी वर बांधलेल्या ३२ मजली चार इमारती आहेत. १९७३मध्ये तिथल्या मुलांची तपासणी झाली. जितका खालचा मजला तितका वाहनांचा आवाज जास्त. आणि खालच्या मजल्यांवर चार वर्षांहून जास्त काळ राहिलेल्या मुलांना सारख्या वाटणाऱ्या शब्दांतला फरक ऐकून ओळखणं जास्त जड जात होतं, वाचनही मागे होतं. ती मुलं बहिरी झाली नव्हती. आवाज डोक्याबाहेर ठेवायची सवय लागली होती, आणि त्याबरोबर बोलण्यातले बारकावेही बाहेर राहत होते. एकाच इमारतीतल्या मजल्यांच्या भाड्यात फरक का असतो, याचं एक उत्तर इथे मिळतं.

कोबा आणि लाकडी घर

घर सुधारलं म्हणून माणूस सुखी झाला, की सुखी-संपन्न माणूसच चांगल्या घरात गेला? हा प्रश्न या विषयात कायम आडवा येतो. मेक्सिकोत त्याचं उत्तर अनपेक्षितपणे मिळालं. तिथे तोरेओन हे शहर एका राज्यात आणि त्याला अगदी खेटून असलेली गोमेझ पालासिओ आणि लेर्दो ही शहरं दुसऱ्या राज्यात आहेत. तोरेओन ज्या राज्यात येतं, त्या कोआविला राज्याने २०००मध्ये गरीब घरांतल्या मातीच्या जमिनीवर सिमेंटचा कोबा घालून द्यायला सुरुवात केली: जास्तीत जास्त ५० चौरस मीटर, खर्च घरामागे साधारण १५० डॉलर. पलीकडच्या राज्यात अशी योजना नव्हती. माणसं तीच, हवा तीच, मजुरी तीच, फरक फक्त पायाखालचा.

काही वर्षांनी तुलना केली तेव्हा दिसलं, की घरातली सगळी मातीची जमीन सिमेंटची झाली तर लहान मुलांमधले जंत ७८ टक्क्यांनी, जुलाब ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी कमी होतो. मुलांची भाषा आणि आकलन सुधारलं. आणि आयांमधली नैराश्य व ताणाची लक्षणं निम्म्याच्या आसपास उतरली. कुटुंबाच्या उत्पन्नात काहीही बदल झाला नव्हता. मातीची जमीन रांगत्या मुलाच्या तोंडात जाते, पाऊस आला की चिखल होते आणि कितीही झाडली तरी झाडल्यासारखी दिसत नाही. जी बाई ती दिवसातून चारदा झाडते, तिच्या मनावर कोब्याचा परिणाम का होतो, हे सांगायला खरं तर आकड्यांची गरज पडू नये.

पण सगळ्याच सुधारणा अशा टिकत नाहीत. एल साल्वाडोर, मेक्सिको आणि उरुग्वे या तीन देशांत एका संस्थेने झोपडपट्ट्यांत चिठ्ठ्या टाकून कुटुंबं निवडली आणि त्यांना १८ चौरस मीटरची तयार लाकडी घरं दिली. घर कोरडं, पक्क्या तळाचं आणि खिडक्या असलेलं. पण त्यात नळ, संडास किंवा स्वयंपाकघर नव्हतं. घर मिळालेल्यांचं समाधान ठळकपणे वाढलं, आणि सरासरी आठ महिन्यांत त्या वाढीपैकी साठ टक्के ओसरून गेली. माणूस सुधारणेला सरावतो, आणि मग जे अजून नाही ते खुपायला लागतं.

कोबा टिकतो आणि घराचा आनंद ओसरतो, असं का? दोन वेगळ्या ठिकाणचे अभ्यास असल्यामुळे थेट तुलना करणं धोक्याचं आहे, तरी माझा कयास सांगतो. नवं घर ही बघण्याची गोष्ट आहे आणि डोळा चटकन सरावतो. आजारी मूल, तुटलेली झोप, पाण्यासाठीची फेरी, अनिश्चित भाडं या गोष्टी रोज नव्याने घडतात. त्यांना कोणी सरावत नाही. म्हणून त्या थांबल्या की मिळणारा दिलासाही टिकतो. शेजारी मोठं घर उभं राहिलं की आपलं लहान वाटू लागतं, हेही खरं आहे आणि अमेरिकी उपनगरांत मोजलेलंही आहे, पण हे दुखणं ज्यांचं बाकी सगळं भागलेलं आहे त्यांचं.

लांबचं चांगलं घर

शहराच्या मध्यात कोंदट घर, शहराबाहेर त्याच पैशांत मोकळं घर. हा पेच जगातल्या प्रत्येक मोठ्या शहरात आहे, आणि माणसं यात सहसा एकाच बाजूला चुकतात. जास्तीची खोली डोळ्यांना दिसते, प्रवासाचा त्रास घर घेताना दिसत नाही. अर्थशास्त्राचा साधा तर्क असा, की लांबून येणाऱ्याला त्याची भरपाई चांगल्या घरातून किंवा पगारातून मिळत असणार, नाहीतर तो तसं करेलच कशाला? आलॉइस श्टुत्सर आणि ब्रुनो फ्राय यांनी जर्मनीतली अनेक वर्षांची माहिती तपासली, तर भरपाई झालेली दिसली नाही. प्रवास जितका लांब, तितकं समाधान कमी, घर आणि पगार धरूनसुद्धा.

अंतराने फक्त वेळ जात नाही. १९८७मध्ये अहमदाबादेत विडी कामगार स्त्रियांसाठी शहराच्या कडेला, सुमारे १२ किलोमीटरवर घरं बांधून सोडत काढली गेली. अनेक वर्षांनी संशोधकांनी जिंकलेल्या आणि न जिंकलेल्या कुटुंबांची गाठ घेतली. जिंकलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश तिथे राहायला गेलेच नव्हते, आणि जवळपास तेवढेच जाऊन परत आले होते. नव्या जागेतली घरं चांगली होती. पण उत्पन्नात किंवा मुलांच्या पुढच्या आयुष्यात फरक पडला नव्हता, आणि नातेवाईक लांब राहिल्याने अडीअडचणीला उसनं देणारं, मूल सांभाळणारं कोणी जवळ उरलं नव्हतं. जुन्या वस्तीतला हा आधार भाडेपावतीवर लिहिलेला नसतो, म्हणून सोडतीच्या हिशोबातही तो धरला जात नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे आणि ते टाळून चालणार नाही. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच मोठ्या शहरांतल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांचा प्रयोग झाला. चिठ्ठीने निवडलेल्या काहींना कमी गरिबीच्या वस्तीत भाड्याने राहण्यासाठी सरकारी मदत दिली गेली. दहा-पंधरा वर्षांनी त्यांचं उत्पन्न वाढलेलं नव्हतं. समाधान मात्र वाढलं होतं, आणि किती? वस्तीतली गरिबी १३ टक्के बिंदूंनी कमी झाली तर समाधानात पडणारा फरक, वर्षाला १३ हजार डॉलर जास्त कमावणारे आणि न कमावणारे यांच्यात असतो तेवढा. या कुटुंबांचं सगळं वार्षिक उत्पन्नच सुमारे २० हजार डॉलर होतं. सोडून जाण्याचं मोठं कारण म्हणून यातल्या बहुतेकांनी टोळ्या आणि अमली पदार्थ सांगितले होते. खिडकीजवळ बसायला भीती वाटत असेल तर शेजारपाजारचा आधार त्याची भरपाई करू शकत नाही. अहमदाबादेत मागे सोडलेली वस्ती अशी नव्हती. म्हणून पुनर्वसन चांगलं की वाईट, असा सरसकट प्रश्न विचारण्यात फार अर्थ नाही. माणूस कशापासून दूर चालला आहे आणि कोणापासून, हे दोन वेगळे हिशोब आहेत.

उत्तर कोणी दिलं?

यातल्या बऱ्याच अभ्यासांत एक भोक आहे. उत्पन्न कुटुंबाचं मोजतात, खोल्या घराच्या मोजतात आणि सुखाचा प्रश्न मात्र एकाच माणसाला विचारतात. भारतातल्या १९८९च्या अभ्यासात फक्त पुरुष कुटुंबप्रमुख होते. तोरेओनमध्ये आयांना विचारलं म्हणूनच कोब्याचा त्यांच्या मनावरचा परिणाम कळला. दिवसभर कामावर जाणाऱ्या माणसाला विचारलं असतं तर बहुधा इतका ठळक दिसला नसता. एका खोलीच्या घरात कमावणारा माणूस जागेपणी तीन-चार तास असतो. घर सांभाळणारी बाई, अंथरुणाला खिळलेले म्हातारे सासरे आणि शाळेतून परतलेली मुलगी त्याच खोलीत दहा-बारा तास जागे असतात. भाडं गेल्यावर उरलेला पैसा कशावर खर्च करायचा, यातही या तिघांचा शब्द सहसा शेवटचा नसतो. माणशी खोल्या आणि माणशी उत्पन्न या दोन्ही रकान्यांत मात्र चौघांपुढे एकच आकडा लिहिला जातो. रोज त्या खोलीत किती तास जागे असता, आणि त्यातला किती वेळ कोणी हाक मारत नाही, हे दोन प्रश्न जोडले तर घरोघरी चार वेगळी उत्तरं मिळतील.